स्टेरॉइडमुळे टी पेशी कशा मरतात: कोंबडीच्या थायमसवर करायचा प्रयोग

कॉर्टिसॉल किंवा डेक्सामेथासोन यांसारखी ग्लुकोकॉर्टिकॉइडे कोवळ्या टी पेशीवर (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीवर) विषासारखा घाव घालत नाहीत. ती पेशीला निरोप देतात आणि पुढचे सगळे काम पेशीच करते. हा फरक विद्यार्थ्यांना वाचून पटत नाही, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पाहिला की पटतो. त्यासाठी उंदीर मारण्याची गरज नाही, कारण रत्नागिरीत कोणत्याही चिकनच्या दुकानात मिळणाऱ्या कोंबडीच्या मानेतच आपल्याला हवा असलेला थायमस, म्हणजे टी पेशी जिथे वाढतात तो अवयव, असतो.

मान कातडीसकट मागावी, नाहीतर सोलताना थायमसचे खंड कातडीबरोबर निघून जाऊ शकतात. पाच-सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना, शिरेला लागून, फिकट गुलाबी चपट्या खंडांची माळ दिसते. एका बाजूला साधारण सात खंड असतात. मिरकरवाडा बंदराहून मासळीचा बर्फ आणला तरी चालतो, मात्र वितळलेले पाणी मानेला लागता कामा नये, म्हणून ती दोन पिशव्यांत बांधावी आणि कापल्यापासून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी.

खंड थंड फॉस्फेट बफरमध्ये धुऊन नायलॉनच्या बारीक जाळीतून अलगद दाबावेत. चोळू नये, चोळल्याने फुटलेल्या पेशी पुढे सगळा निकाल गढूळ करतात. पेशी सीरम घातलेल्या आरपीएमआय या पोषक माध्यमात घ्याव्यात, ट्रिपॅन ब्लू (पटल फाटलेल्या पेशींतच शिरणारा निळा रंग) लावून मोजाव्यात आणि दर मिलिलिटरला सुमारे 20 लाख या प्रमाणात तीन नळ्यांत वाटाव्यात. 3.9 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन 10 मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवले की 1 मिलिमोलरचे द्रावण होते. पहिल्या नळीत त्याचे दर मिलिलिटरला 1 मायक्रोलिटर घालावे, दुसरीत तेवढेच नुसते इथेनॉल. तिसरी नळी अर्धा तास 60 अंशांवर ठेवून पेशी सरळ मारून टाकाव्यात. मग तिन्ही नळ्या सहा तास इन्क्युबेटरमध्ये ठेवाव्यात.

या सहा तासांत पहिल्या नळीत काय चालले आहे ते फळ्यावर मांडावे. वर्गासाठी याहून चांगली वेळ नाही. स्टेरॉइड मेदात विरघळणारे असल्याने पेशीपटल सहज ओलांडते आणि पेशीद्रवात एचएसपी90 या प्रथिनाच्या सोबतीने थांबलेल्या ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, जोडले जाते. ग्राही केंद्रकात शिरतो, डीएनएवरील ठरावीक जागी बसतो आणि काही जनुकांचे वाचन वाढवतो. त्यांपैकी बिम या जनुकाचे प्रथिन बीसीएल-2 या रक्षक प्रथिनाला अडकवून ठेवते, त्यामुळे बॅक्स आणि बॅक मोकळे होऊन तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) पटलाला भोके पाडतात. बाहेर पडलेले सायटोक्रोम सी, अ‍ॅपॅफ-1 च्या मदतीने, आधी कॅस्पेज-9 आणि मग कॅस्पेज-3 ही प्रथिने कापणारी विकरे जागी करते. शेवटी जे न्यूक्लिएज विकर कामाला लागते, ते डीएनए वाटेल तिथे कापत नाही. हिस्टोनच्या दोन गुंडाळ्यांमधला उघडा दुवाच त्याला सापडतो, म्हणून तुकडे सुमारे 180 ते 200 बेसजोड्यांच्या पटीत पडतात आणि जेलवर त्यांची पायऱ्या-पायऱ्यांची शिडी दिसते. अँड्र्यू वायली यांनी 1980 साली थायमसच्या पेशींत हीच शिडी दाखवली होती. मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात प्रेडनिसोलोन उपचाराच्या सुरुवातीलाच देतात, तेही याच मार्गाच्या भरवशावर.

सहा तासांनी पुन्हा ट्रिपॅन ब्लू लावावा. तिसऱ्या नळीतल्या पेशी निळ्या दिसतात. पहिल्या नळीतल्या बऱ्याचशा मात्र आक्रसलेल्या असूनही रंग घेत नाहीत, कारण त्यांचे पटल अजून शाबूत असते. ही जागा घाईने ओलांडू नये. शरीरात अशा पेशीला पटल फुटण्याआधीच महाभक्षी पेशी गिळतात आणि म्हणून तिथे दाह होत नाही, हे इथे प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली समजावता येते.

त्यानंतर प्रथिने पचवणारे प्रोटिनेज के वापरून डीएनए काढावा. आरएनए कापणारे आरएनएज घालण्यास विसरू नये, नाहीतर आरएनएचा धूसर पट्टा शिडीच्या खालच्या पायऱ्या झाकतो. जेलमधले अ‍ॅगरोज 1.8 टक्के ठेवावे आणि जेल कमी व्होल्टेजवर सावकाश चालवावे. डीएनए दिसावा म्हणून लावायचे एथिडियम ब्रोमाइड हाताळताना हातमोजे अनिवार्य आहेत. स्टेरॉइडच्या रांगेत शिडी दिसते. उष्णतेने मारलेल्या पेशींच्या रांगेत वरचा पट्टा किंवा सरसकट पसरलेला डाग दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत.

सर्वांत जास्त जपायची ती इथेनॉलची नळी. थायमसच्या पेशी शरीराबाहेर ठेवल्या की आपणहून मरू लागतात, तेही शिडी पाडतच. एका जुलैत वीज वारंवार गेल्याने मी नळ्या रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी दोन्ही रांगांत सारखीच शिडी आली; तो निकाल मी विद्यार्थ्यांना दाखवला, पण स्टेरॉइडचा पुरावा म्हणून नव्हे. म्हणून पावसाळ्यात इन्व्हर्टरची खात्री करूनच मान आणावी आणि सहा तासांची मर्यादा ओलांडू नये. जेलचा फोटो लगेच घ्यावा, कारण लहान तुकडे जेलमध्ये पसरत जातात आणि खालच्या पायऱ्या सर्वांत आधी पुसट होतात.