लेझ्गी भाषांतील शब्दांची आद्य मुळे कशी शोधावीत

मराठवाड्यातील शाळांत आजही दोनचा पाढा ‘बे एके बे’ असाच म्हटला जातो, आणि दोन व दहा मिळून ‘बारा’ होतात. संस्कृत ‘द्व’मधील द गळाला, उरलेल्या व चा ब झाला, म्हणूनच ‘दोन’ आणि ‘बारा’ दिसायला परके असूनही एकाच मुळाचे आहेत. रशियातील दागेस्तानचा दक्षिण भाग आणि उत्तर अझरबैजान येथे मुख्यतः बोलल्या जाणाऱ्या लेझ्गी कुळातील भाषांचा, म्हणजे लेझ्गी, तबासरान, अगुल, रुतुल, त्साखुर, क्रिझ, बुदुख, अर्ची आणि उदी यांचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी.

प्रथम उसने शब्द बाजूला काढावेत. लेझ्गीत पुस्तकाला ‘क्ताब’ आणि जगाला ‘दुन्या’ म्हणतात. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागाला ‘किताब’ आणि ‘दुनिया’ ओळखीचे आहेत, पण हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने दोन्हीकडे पोचले आहेत; त्यांवरून नाते ठरवू नये. संख्या, शरीराचे अवयव, सूर्य, पाणी अशा शब्दांपासून सुरुवात करणे सुरक्षित असते.

उच्चार लिहून घेताना सिरिलिक (रशियन लिपीच्या) अक्षरांवर विसंबू नये, कारण एकच अक्षरजोडी लेझ्गीत पडजिभेजवळचा क़ दाखवते, तर शेजारच्या अवार भाषेत ल च्या जातीचा वेगळाच ध्वनी दाखवते. दखनीची सवय असलेल्या कानांनी अधिक सावध राहावे, कारण दखनीत ‘क़लम’चे ‘ख़लम’ होते आणि क़ ऐकूनही ख़ लिहिला जातो.

यानंतर शब्दाला चिकटलेले प्रत्यय सोलावेत. तबासरानमध्ये दोन वस्तूंसाठी ‘क़्युब’ आणि दोन माणसांसाठी ‘क़्युर’ असे रूप येते, म्हणजे शेवटचे ब आणि र हे वर्गदर्शक (वस्तू की माणूस हे सांगणारे) प्रत्यय आहेत. लेझ्गी भाषेने हे वर्ग टाकून दिले, तरी ‘क़्वेद’ (दोन), ‘क़ुद’ (चार), ‘चुद’ (दहा) यांच्या शेवटी जुना द गोठून राहिला आहे. यातील च हा ‘चाक’मधल्या च सारखा आहे, आणि या संख्यांतील क़ व च श्वास कोंडून झटक्याने फोडायचे आहेत. हा द मुळाचा नाही याची साक्ष त्याच भाषेत मिळते: अकराला ‘चुसाद’ म्हणतात, तेथे दहाचा द नाही; नामापूर्वी दोनचे रूपही नुसते ‘क़्वे’ असते.

आता उदी भाषा शेजारी मांडावी. तेथे दोन म्हणजे ‘पा’ आणि चार म्हणजे ‘बिप’, दोन्ही प झटक्याने फोडलेले. तबासरानमध्ये चार म्हणजे ‘युक़ुब’. जेथे इतरांकडे क़ आहे तेथेच उदीत प आहे, आणि तेही दोन शब्दांत; एकदा घडले तर योगायोग म्हणता येतो, पण पुन्हा घडले की नियमाचा शोध घ्यावा लागतो. लेझ्गी ‘क़्वे’मधील व ओठांचा आहे. त्यातील क़ विरून ओठांचा भाग तेवढा उरला की प मिळतो, जसा आपल्याकडे ‘द्व’चा ब झाला. म्हणून मूळ रूप *क़्व- असे मांडावे. पुढचा तारा हे रूप कोठेही लिहिलेले आढळत नसून अनुमानाने काढले आहे असे सांगतो. सारख्या दिसणाऱ्या शब्दांपेक्षा असा नियमित वेगळेपणा मला अधिक भरवशाचा पुरावा वाटतो.

नामांची सामान्यरूपे तपासल्याशिवाय मूळ ठरवू नये. ‘देऊळ’मध्ये न दिसणारा व जसा ‘देवळात’मध्ये दिसतो, तसेच लेझ्गीत सूर्य म्हणजे ‘रग़’ असला तरी विभक्तीत ‘रक़िनी’ होते. अर्चीत सूर्याला ‘बर्क़’ म्हणतात. म्हणजे सामान्यरूपातील क़ अर्चीशी जुळतो आणि ‘रग़’मधील ग़ हा नंतरचा बदल ठरतो. उदीत ‘बेग़’ आहे, त्यामुळे आरंभीचा ओठांचा वर्णही पूर्वजभाषेत असावा आणि लेझ्गीने तो गमावला असावा.

‘तीन’ हा शब्द अधिक कठीण आहे: लेझ्गी ‘पुद’, तबासरान ‘शुबुब’, उदी ‘खिब’, अर्ची ‘ल्हिब’. लेझ्गीत पहिले अक्षर गळून ब चा प झाला. उरलेल्या श, ख आणि ल्ह यांपैकी ल च्या जातीचे असे घर्षक (हवा घासून निघणारे) वर्ण या कुळात केवळ अर्चीने राखले आहेत, म्हणून आद्य व्यंजन तेथील मानावे. स्वरांची घाई मात्र करू नये. चार-पाच शब्दांत तोच मेळ दिसेपर्यंत स्वराची जागा वहीत रिकामी ठेवावी.