कांद्याच्या मुळात गुणसूत्रं सापडत नाहीत? या चुका टाळा

कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून पेशी कशा विभागतात ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे बायॉलॉजीचं नेहमीचं प्रात्यक्षिक. परीक्षा जवळ आली की आमच्या कोल्हापुरातली मुलं हमखास एकच तक्रार घेऊन येतात, "सर, रंग मस्त चढलाय, पण पेशीविभाजन एकसुद्धा दिसंना."

चूक बहुतेक वेळा मायक्रोस्कोपपाशी नसते, कांद्यापाशी असते. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेल्या कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडून काढा आणि ग्लासावर तो असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. बुडवलात तर कुजतो, पावसाळ्यात तर फारच लवकर. मुळं २-३ सेंमी झाली की सकाळी कापा आणि लगेच १ भाग ॲसिटिक ॲसिड, ३ भाग अल्कोहोल या मिश्रणात २४ तास ठेवा. "कॉलेजात गेल्यावर टाकू" म्हणून रेंगाळू नका.

स्लाइडसाठी फक्त टोकाचे १-२ मिमी घ्या. वरच्या भागातल्या पेशी लांबट होत असतात, त्या विभागत नाहीत. लांब आयताकृती पेशीच दिसत असतील तर तुकडा चुकला, दुसरा घ्या. पेशी एकावर एक चढल्या असतील तर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांना ५-१० मिनिटं ठेवणं राहिलंय. अंगठ्याने दाबताना कव्हरस्लिप सरकू देऊ नका.

आता बघण्यातल्या चुका. मला या जास्त महत्त्वाच्या वाटतात. एका मुलीने मध्यावस्थेची (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात तो टप्पा) सुंदर पेशी "खराब" म्हणून सोडून दिली होती, कारण गुणसूत्रं रांगेत नव्हती, गोल कडं करून बसली होती. मी तिला म्हटलं, भाकरी डोळ्यांसमोर आडवी धर, रेघ दिसेल. वरून बघ, गोल दिसेल. मध्यावस्थेचंही तसंच आहे. पुस्तकातली आकृती बाजूने काढलेली असते, पेशी मात्र स्लाइडवर कशीही पडते. शिवाय मध्यावर येतात ते गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचे बाहू जिथे जुळतात ती जागा. बाहू इकडेतिकडे लोंबत असतात.

पुढच्या टप्प्यात, पश्चावस्थेत, गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात आणि इंग्रजी व्हीसारखी दिसतात. तो व्ही उलटा काढणारे खूप. तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे धागे, गुणसूत्रबिंदूला धरलेले असतात, म्हणून व्हीचं टोक ध्रुवाकडे (पेशीच्या टोकाकडे) आणि बाहू मागे फरफटत. आणि कांद्याच्या पेशीत ताराकेंद्र (प्राण्यांच्या पेशीत ध्रुवापाशी दिसणारा कण) काढू नका, तिथे ते नसतंच.

मोजणीतही गफलत होते. कांद्याची गुणसूत्रं १६. पश्चावस्थेत एका पेशीत ३२ भरली तर घाबरू नका. अर्धगुणसूत्रं, म्हणजे एका गुणसूत्राचे दोन जुळे भाग, सुटी झाली की प्रत्येक स्वतंत्र गुणसूत्र धरतात, दोन्ही ध्रुवांकडे १६-१६.

मोजायला सोपं म्हणून काहीजण मुळं आधी कोल्चिसीन नावाच्या रसायनात ठेवतात. विषारी आहे, हातमोजे घाला. त्याने तुर्कतंतू तयारच होत नाहीत, त्यामुळे गुणसूत्रं पेशीभर विखुरतात आणि मोजणी छान होते. पण मग त्याच स्लाइडवर तासभर पश्चावस्था शोधत बसू नका. गुणसूत्रं ओढणारे दोरच तिथे नाहीत. त्यासाठी बिनकोल्चिसीनची दोन-चार मुळं वेगळी काढून ठेवा.