चीनचे सैन्य गेममध्ये उभे करताना: आधी रसद, मग डिव्हिजन

दुसऱ्या महायुद्धावरच्या स्ट्रॅटेजी गेमसाठी मॉड किंवा सिनारिओ करायला घेतला आणि त्यात चीन आला की नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. राष्ट्रवादी चीनला भरपूर डिव्हिजन द्यायच्या, सगळ्यांचे आकडे सरसकट खाली ओढायचे आणि पुढच्या देशाकडे वळायचे. मग चाचणीत दोनपैकी एक होते: जपान वर्षभरात चीनची युद्धकाळातली राजधानी चोंगछिंग गाठतो, नाही तर चिनी फौजांच्या लोंढ्यात शांघायलाच बुडतो. खऱ्या युद्धात यातले काहीच झाले नाही. शांघाय 1937 मध्ये तीन महिने लढले, डिसेंबरात नानजिंग पडले, ऑक्टोबर 1938 मध्ये वुहान पडले, आणि त्यानंतर 1944 पर्यंत आघाडी थोडीफार मागेपुढे होत जवळपास तिथेच राहिली. हे जे थांबणे आहे, ते मॉडेलमध्ये आले पाहिजे. ते डिव्हिजनच्या आकड्यांतून येत नाही, रसदेतून येते. म्हणून काम सुरू करताना युनिटच्या फाइलला हात लावू नका, आधी नकाशा उघडा.

दोन वेगळ्या रसदा

बहुतेक गेममध्ये 'सप्लाय' हा एकच आकडा असतो. चीनसाठी तो निदान मनात तरी दोन भागांत तोडावा लागतो: धान्य आणि दारूगोळा. धान्य फौज जिथे आहे तिथल्या मुलुखातून येते. दारूगोळा मोजक्या कारखान्यांतून किंवा देशाबाहेरून येतो. हान्यांगचा शस्त्रकारखाना आणि इतर अनेक कारखान्यांची यंत्रे नदीमार्गे आत हलवली गेली आणि युद्धकाळात चोंगछिंगच्या आसपास रायफली, मशीनगन, मॉर्टर, काडतुसे बनत राहिली. पण जड तोफा तिथे होत नव्हत्या, आणि काडतुसांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा मोठा भाग बाहेरूनच यायचा. त्यामुळे चिनी डिव्हिजन महिनोन्‌महिने उभी राहू शकते, पण सलग पंधरा दिवस हल्ला करू शकत नाही. मॉडेलची पहिली परीक्षा हीच.

धान्याचा हिशेब एकदा हाताने करून बघा, म्हणजे पल्ल्याचे सूत्र आपोआप कळेल. 7,000 माणसांची डिव्हिजन घ्या आणि माणशी दिवसाला पाऊण किलो धान्य धरा. रोज 5,250 किलो लागतात. रस्ता नाही, ट्रक नाही, खांद्यावर बांबूची कावड घेतलेला हमाल आहे. तो 30 किलो उचलतो, दिवसाला 25 किलोमीटर चालतो आणि जाता-येता स्वतःही रोज पाऊण किलो खातो. कोठार 100 किलोमीटरवर असेल तर आठ दिवसांच्या फेरीत तो 6 किलो खाईल आणि 24 किलो पोचवेल. म्हणजे सुमारे 1,750 हमाल लागतील. कोठार 250 किलोमीटरवर असेल तर वीस दिवसांची फेरी, 15 किलो खाल्ले, 15 पोचले: 7,000 हमाल, शिपायामागे एक. 375 किलोमीटरवर हाच आकडा 21,000 होतो, शिपायामागे तीन. म्हणून अंतरानुसार सप्लाय सरळ रेषेत कमी करू नका. शंभरेक किलोमीटरपर्यंत हळू, दोनशेनंतर झपाट्याने, आणि चारशेच्या आसपास शून्य, अशी उतरण ठेवा.

दारूगोळ्यालाही हीच कावड लावून बघा. 7.92 मिलिमीटरचे काडतूस सुमारे 25 ग्रॅमचे, म्हणजे एका फेरीत साधारण हजार गोळ्या. 82 मिलिमीटर मॉर्टरचे गोळे सातएक. जर्मनीकडून आलेल्या 150 मिलिमीटर हॉवित्झरचा एक गोळा 43 किलोंच्या वर, म्हणजे एका माणसाला तो झेपतच नाही. त्या तोफा रेल्वे किंवा पक्क्या रस्त्यापासून दूर नेल्या तर शोभेच्या वस्तू ठरतात. मॉर्टर मात्र डोंगरातही चालतो. चिनी टेम्पलेटमध्ये (डिव्हिजनमध्ये काय-काय असावे याचा गेममधला साचा) तोफखान्याऐवजी मॉर्टरला झुकते माप द्यायचे कारण हेच.

नकाशावर काय असावे

रेल्वे कमी आहेत, पण प्रत्येकीला अर्थ आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या तिआनजिन–फुकौ आणि बेइपिंग (आजचे बीजिंग)–हान्खौ, त्यांना आडवी छेदणारी लुंगहाई, आणि 1936 मध्ये पुरी झालेली वुचांग–ग्वांगजौ. शान्शी प्रांताची थुंगफू रेल्वे मीटरगेज, बाकीच्या चार स्टँडर्ड गेज. गेममध्ये गेज नसेल तर शान्शीच्या सीमेवर रेल्वेची पातळी एकने खाली आणा, माल बदलण्याचा वेळ त्यातून दिसतो. हार्ट्स ऑफ आयर्न फोर हा गेम वापरत असाल तर हे सगळे 'मॅप' फोल्डरमधल्या रेल्वेच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. एका ओळीत आधी पातळी, मग प्रांतांची (इथे प्रांत म्हणजे गेमच्या नकाशावरचे छोटे तुकडे) संख्या, मग क्रमाने प्रांतांचे नंबर. संख्या आणि प्रत्यक्ष नंबर जुळले नाहीत किंवा लागून नसलेले दोन प्रांत शेजारी लिहिले गेले, तर ती रेल्वे बिघडते. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. दहा ओळी लिहिल्या की गेम चालवून सप्लायचा नकाशा बघायचा, आणि मगच पुढच्या दहा.

नद्यांकडे दुर्लक्ष करू नका. यांगत्से ही जपानी नौदलाची सडक होती. वुहानपर्यंत जपानी रसद तिच्यावरून गेली. जून 1940 मध्ये त्यांनी यीछांग घेतले, पण त्याच्यावर घळी सुरू होतात आणि तिथे नदी सिचुआनची भिंत बनते. यीछांगच्या पश्चिमेला नदीमार्गाची सप्लाय अगदी थोडी ठेवा. एवढ्या एका बदलाने चोंगछिंगवर होणारी अवास्तव चाल बहुतेक वेळा थांबते.

पिवळी नदी वेगळीच गोष्ट. जून 1938 मध्ये चिनी सैन्याने जंग्जौजवळ ह्वायुआनखौ इथे बांध फोडला आणि नदीचा प्रवाहच आग्नेयेकडे वळला. जपानी चाल तिथे अडली आणि लाखो शेतकऱ्यांचा संसार वाहून गेला. हे खेळाडूच्या हातातला निर्णय म्हणून ठेवा, पण त्याची किंमत खरी असू द्या: त्या प्रांतांची धान्यक्षमता पुढची काही वर्षे घसरलेली राहिली पाहिजे. बटण दाबले, जपान थांबला, संपले, असे करणे त्या माणसांवर अन्याय आहे, आणि मॉडेल म्हणूनही चुकीचे आहे.

बाहेरून येणारी दारे तारखेनुसार बंद होतात. ग्वांगजौ बंदर ऑक्टोबर 1938 मध्ये गेले. हायफाँग–कुनमिंग मीटरगेज रेल्वे जून 1940 मध्ये बंद झाली. ब्रह्मदेशातून चीनमध्ये येणारा बर्मा रोड ब्रिटिशांनी जुलै 1940 पासून तीन महिने बंद ठेवला, आणि एप्रिल 1942 च्या शेवटी लाशिओ पडल्यावर तो 1945 च्या सुरुवातीपर्यंत तुटलेलाच राहिला. मे महिन्यात साल्वीन नदीवरचा हुइथुंग पूल चिन्यांनी स्वतःच उडवला. प्रत्येक दार बंद झाले की दारूगोळ्याचा आकडा खाली यायला हवा, पण लगेच नाही. कोठारातला साठा संपायला दोन-तीन महिने द्या.

बर्मा रोड लाशिओ ते कुनमिंग 1,154 किलोमीटर. तो 'पातळी तीनचा रस्ता' म्हणून टाकून मोकळे होऊ नका. तीन टनांचा ट्रक, घाटातून तीन किलोमीटरला एक लिटर धरला तर जाऊन-येऊन सुमारे 770 लिटर पेट्रोल, वजनात पावणेसहाशे किलो. ते लाशिओहूनच न्यायचे असेल तर हाती सुमारे 2.4 टन उरतात. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर 10,000 टनांसाठी दोन हजारांहून जास्त ट्रक सतत धावते हवेत, आणि एक-तृतीयांश वर्कशॉपमध्ये पडलेले धरले तर एकूण तीन हजारांच्या वर. म्हणजे इथली अडचण रस्त्याच्या रुंदीची कमी आणि ट्रकची जास्त. गेममध्ये ती ट्रकच्या साठ्याला बांधा.

हिमालयावरून आलेले टन

1942 पासून आसाममधल्या दिंजान, चाबुआ अशा विमानतळांवरून कुनमिंगकडे माल उडू लागला. युद्ध संपेपर्यंत एकूण साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला. पण तो चाळीसएक महिन्यांवर सारखा वाटता येत नाही: महिन्याला 10,000 टनांचा टप्पा डिसेंबर 1943 मध्ये प्रथम ओलांडला गेला, आणि जुलै 1945 मध्ये तो 71,000 टनांपर्यंत पोचला. अर्धेअधिक वजन शेवटच्या वर्षातले आहे. सरासरी काढून दरमहा सारखा आकडा टाकला तर 1943 चा चीन फुकट श्रीमंत होतो.

दुसरी चूक याहून मोठी. हे टन चिनी पायदळाला मिळत होते असे धरले जाते. त्यातला मोठा वाटा कुनमिंग-ग्वैलिनकडच्या अमेरिकन विमानांचे पेट्रोल आणि बॉम्ब यांत जायचा. 1944 मध्ये छंगदूची बी-29 बॉम्बफेकी विमानेही त्यात भागीदार झाली. सुरुवातीला पायदळाचा वाटा एक-दशांश ते एक-पंचमांश ठेवा आणि चाचणीत हलवा.

आसामपर्यंत माल पोचणेही सोपे नव्हते. कोलकात्याहून ब्रॉडगेजने पार्बतीपूर, तिथे मीटरगेजच्या डब्यांत हमालांकरवी भरणे, मग अमीनगाव–पांडूला ब्रह्मपुत्रा फेरीने ओलांडणे. भारत हा गेमचा भाग असेल तर हा अडथळा आसामच्या तोंडाशी ठेवा. विमाने वाढवून भागत नाही, हे खेळाडूला तिथेच कळते.

डिव्हिजनचे टेम्पलेट

शब्दांत आधी फसायचे नाही. चिनी 'जुन'चे भाषांतर 'आर्मी' होते, पण तो आकाराने कोर आहे: दोन-तीन डिव्हिजनचा. 'जितुआनजुन', म्हणजे ग्रुप आर्मी, ही इतरांच्या आर्मीएवढी किंवा त्याहून लहान. नाव बघून पदरचनेचा एक थर चढवला तर सेनापती नाहक वाढतात.

1937 ची सुधारित डिव्हिजन कागदावर सुमारे 10,900 माणसांची, दोन ब्रिगेड आणि चार रेजिमेंटांची. पुढे ती तीन रेजिमेंटांवर आली. प्रत्यक्षात बहुतेक डिव्हिजन सहा-सात हजारांवर चालायच्या. टेम्पलेट छोटे करण्यापेक्षा ते पूर्ण ठेवा आणि सुरुवातीचे साहित्य कमी द्या. युनिटच्या फाइलमध्ये 'स्टार्ट इक्विपमेंट फॅक्टर' यासाठीच आहे. साध्या डिव्हिजनला 0.5 ते 0.6, जर्मन सल्लागारांनी घडवलेल्या 36, 87 आणि 88 क्रमांकांच्या डिव्हिजनांना 0.9 ते 1. टेम्पलेट छोटे केले तर कुमक आली तरी डिव्हिजन वाढत नाही, आणि 1944 मधल्या युनानच्या फौजेची वाढ दाखवताच येत नाही.

शस्त्रांची खिचडी हाही रसदेचाच प्रश्न. केंद्राच्या फौजांत 7.92 मिलिमीटर, शान्शीत तिथले सत्ताधीश यान शीशान यांच्या कारखान्यांतल्या 6.5 मिलिमीटरच्या रायफली, शिवाय त्यांच्याच थॉमसन गनच्या नकला. गेममध्ये कॅलिबर नसतील तर प्रांतिक फौजेला दुसऱ्या प्रांतात गेल्यावर दारूगोळ्यात घट लावा.

निष्ठा आणि लढाऊपणा एकाच आकड्यात कोंबू नका

सगळ्यात नाजूक जागा ही आहे. प्रांतिक फौजा म्हणजे भित्र्या, असे सरसकट लिहिले जाते. जानेवारी 1938 मध्ये शानदुंगचे हान फूजू यांना हुकुमाविना माघार घेतल्याबद्दल गोळी घालण्यात आली, हे खरे. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी थंगश्येन इथे सिचुआनच्या 122 व्या डिव्हिजनने, अगदी मामुली शस्त्रांवर, शहर सोडले नाही. त्यांचे सेनापती वांग मिंगजांग तिथेच पडले, आणि त्या दिवसांनी थाय-अर्-जुआंगच्या चिनी विजयाला वेळ मिळवून दिला. म्हणून तीन आकडे वेगळे ठेवा: साहित्य, मनोबल, आणि चोंगछिंगचा हुकूम पाळण्याची तयारी. सिचुआनच्या फौजेला पहिला कमी, दुसरा जास्त. ग्वांगशीच्या ली झुंगरन आणि बाई छुंगशी यांच्या फौजेला दुसरा जास्त, तिसरा मध्यम. आणि तिसरा आकडा जितका कमी तितका केंद्राच्या कोठारातला वाटा कमी, ही राजकीय गोष्ट रसदेत मिसळली की मॉडेल जिवंत होते.

साम्यवादी आठव्या रूट आर्मीला तीनच डिव्हिजन द्या: 115, 120, 129. त्यांना बाहेरची रसद जवळपास शून्य, पण खेड्यातून मिळणारे धान्य आणि शत्रूच्या रेल्वेवर घाव घालण्याची क्षमता जास्त. वैद्यकीय पथक चिनी डिव्हिजनांना सहसा देऊ नये, कारण जखमी वाचण्याचे प्रमाण फार कमी होते. अपवाद एका भागासाठी करावा असा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, पुढे शान्शी–छाहार–हबेई सीमाभागात बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. त्या एका प्रदेशात अनुभव टिकवण्याची छोटी सवलत ठेवली तर ती इतिहासाला धरून होते.

हेनानचा धडा आणि चाचणी

फौज मुलुखावर जगते म्हणजे ती कुणाच्या तरी ताटातले खाते. 1941 पासून जमीनकर धान्यात घेतला जाऊ लागला. 1942–43 मध्ये हेनानात भीषण दुष्काळ पडला, आणि एप्रिल 1944 मध्ये जपानची इचिगो मोहीम आली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी चिनी सेनापती थांग अन्बो यांच्या माघारणाऱ्या शिपायांची शस्त्रे हिसकावून घेतली. यासाठी प्रांताला दोन आकडे लागतात, धान्यसाठा आणि रोष. साठा उत्तरेत गव्हाच्या काढणीला, दक्षिणेत भाताच्या काढणीला भरतो. फौजेचे खाणे साठ्यापेक्षा जास्त झाले की रोष वाढतो, आणि मर्यादेपलीकडे गेला की माघार घेणाऱ्या डिव्हिजनचे साहित्य गळू लागते. मर्यादा खूप खाली ठेवली तर 1940 मध्येच सगळा चीन पेटतो. ती अशी लावा की दोन वाईट हंगाम लागोपाठ आले तरच ती ओलांडली जाईल.

चाचणी दोन्ही बाजू एआयला देऊन निदान दहा वेळा चालवा आणि चार ठिकाणी थांबून नोंद घ्या: नोव्हेंबर 1937, ऑक्टोबर 1938, मार्च 1944, डिसेंबर 1944. शांघाय महिन्यात पडत असेल तर 87 आणि 88 यांचे साहित्य तपासा. वुहान पडतच नसेल तर यांगत्सेवरची जपानी सप्लाय कमी आहे. 1939 नंतर जपान छांगशाच्या पुढे सहज जात असेल तर माघार घेताना रस्ते खणून टाकण्याची सोय चिनी एआय वापरत नाही असे समजा. चिनी सेनापती शुए युए यांनी छांगशापुढे हेच केले होते: शत्रूला आत ओढायचे आणि त्याची रसद पातळ झाली की बगलेवर घाव घालायचा. आणि 1944 मध्ये हंगयांग आठवड्यात पडत असेल तर शहराच्या कोठारात दारूगोळा घाला. तिथली फौज 47 दिवस लढली होती, आणि साठा संपल्यावरच थांबली.