रद्द झालेल्या विमानाची भरपाई कशी मिळवली (माझा अनुभव)

पुणे–दिल्ली विमान पहाटेचं. रात्री अकराला मेसेज आला, विमान रद्द. तरी आईला घेऊन लोहगाव विमानतळावर गेलो. काउंटरवर एकच उत्तर: "पैसे परत मिळतील." मी रद्द होण्याचं कारण लेखी मागितलं. बराच वेळ टाळाटाळ झाली, शेवटी कागदावर आलं, "ऑपरेशनल कारण", म्हणजे कंपनीच्याच कामकाजातलं. हा कागद सगळ्यांत मोलाचा ठरला.

कारण डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमात वादळ, दंगल, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनाच भरपाईतून सूट आहे. इतक्या उशिरा कळवलं, तर परतावा किंवा दुसरं विमान हे द्यायचंच, शिवाय भरपाईही. दोन तासांपेक्षा जास्त उड्डाणाला १०,००० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम. आमचं दोन्ही मिळून माणशी ४,८५० होत होतं, म्हणून तेवढंच मागितलं. उगाच १०,००० वर अडून बसू नका.

कंपनीने आधी व्हाउचर पुढे केलं. मी नकार कळवला. व्हाउचर घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं. मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी बघणारा अधिकारी) ईमेल आणि एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार, सोबत तिकीट, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि तो कागद. तीन आठवड्यांत दोघांचे ९,७०० रुपये खात्यात आले.

एक मात्र नक्की करा: एजंटकडून तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. संपर्काची माहिती नीट दिली नसेल, तर भरपाई नाकारता येते.