मायकेलअँजेलोचं ‘पिएता’ कसं बघावं

शिल्पासमोर उभं राहिलं की ‘करुणा’, ‘मातृत्व’ असे शब्द आपसूक सुचतात. ते जरा बाजूला ठेवा. आधी शिल्पकाराने कुठे कुठे थाप मारली आहे ते शोधा. सरावाला ‘पिएता’ उत्तम आहे. क्रुसावरून उतरवलेल्या येशूचं शव मांडीवर घेऊन त्याची आई मारिया बसली आहे. १४९८-९९ मध्ये हे घडवलं तेव्हा मायकेलअँजेलो पंचविशीचाही नव्हता.

समोरून काढलेला मोठा फोटो मिळवा. मूळ शिल्प रोममधल्या व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे. पण १९७२ मध्ये एका माणसाने हातोड्याने मारियाचं नाक आणि डावा हात फोडला. त्यानंतर दुरुस्ती होऊन ते काचेआड गेलं, त्यामुळे बारकाव्यांसाठी फोटोच बरा.

आता डोळे किलकिले करा. तपशील पुसट होतील आणि त्रिकोण उरेल: टोकाला मारियाचं डोकं, खाली पसरलेली वस्त्रं. उंची १७४ सेंटिमीटर, रुंदी १९५. मग खरा प्रश्न विचारा: वाढलेला पुरुष बाईच्या मांडीवर मावेल कसा? चौदाव्या शतकापासूनच्या जर्मन लाकडी मूर्तींमध्ये हाच प्रसंग आहे आणि तिथे शव बरेचदा ताठ, अवघडलेलं दिसतं. इथे पट्टीने दोघांची डोकी मोजा. जवळपास सारखी भरतील. आता कंबरेखालचा भाग बघा. ही मारिया उभी राहिली तर मुलापेक्षा कितीतरी उंच होईल! वस्त्रांच्या ढिगाऱ्याने ते झाकलं आहे. घड्यांमधल्या खोल सावल्या आणि त्यांवरचं नितळ, चकचकीत अंग यांचा विरोधही तिथेच पाहून घ्या.

दुसरी थाप वयाची. तेहतिशीतल्या मुलाची आई त्याच्याहून लहान दिसते. शुद्ध आचरणाच्या स्त्रिया जास्त काळ तरुण राहतात, असं उत्तर मायकेलअँजेलोने दिल्याचं त्याचा चरित्रकार कोंदिवी सांगतो. मला ते वेळ मारून नेल्यासारखं वाटतं. जखमाही जेमतेम दिसतात.

हातांवर मात्र वेळ घालवा. मारियाचा उजवा हात शवाला काखेखालून आधार देतो, पण मधे कापड आहे. पवित्र देहाला थेट स्पर्श नाही. बोटांपाशी मांस किंचित दबलेलं दिसतं, आणि वजन कळतं ते तिथेच. डावा तळवा मोकळा, आपल्याकडे वळलेला. बोटांनी एकेक हात झाकून बघा, काय हरवतं ते लगेच समजेल.

मारियाच्या छातीवरच्या पट्ट्यावर मायकेलअँजेलोचं नाव कोरलेलं आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव शिल्प. श्रेय दुसऱ्याला दिलेलं ऐकून त्याने रात्री गुपचूप नाव कोरलं, ही त्याचा दुसरा चरित्रकार वसारी याने सांगितलेली गोष्ट मजेदार आहे. पण पट्ट्याला दुसरं काही काम दिसत नाही, म्हणून नावाची जागा आधीच ठरली असावी असं मला वाटतं.

शेवटी हेच प्रश्न घेऊन त्याच्याच, मिलानमधल्या ‘रोंदानिनी पिएता’ या शिल्पाकडे वळा. त्यावर तो १५६४ मध्ये मरेपर्यंत काम करत होता. तिथे मांडीच नाही, मारिया उभी आहे. आधीच्या आराखड्यातला एक सुटा हात बाजूला तसाच राहिला आहे. वजन कोण पेलतंय, तेवढं शोधा.