साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) दिवसांत पहिल्यांदा जपान: बारा रात्रींची आखणी

आधी रात्री मोजा, ठिकाणं नंतर. पहिल्या खेपेला बहुतेक जण पाहायच्या जागांची लांबलचक यादी करतात आणि मग बारा दिवसांत सात शहरं कोंबतात. शहर बदलण्याचा दिवस म्हणजे हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, गाडी पकडा, पुन्हा हॉटेल शोधा. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या आधी मिळत नाही, म्हणजे त्या दिवसातून फार तर एक संध्याकाळ हाती लागते. म्हणून बारा रात्रींत चारच मुक्काम ठेवा: तोक्यो ४, कानाझावा २, क्योतो ४, ओसाका २. नारा, हिमेजी, हिरोशिमा इथे राहायला जायचं नाही. सकाळी निघायचं, रात्री परतायचं.

विमानाचं तिकीट जाताना तोक्योचं आणि परतताना ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाचं काढा. तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की दोन्ही बाजू एकाच तिकिटात बसतात. येणं-जाणं दोन्ही तोक्योहून केलं, तर शेवटच्या दिवशी ओसाकाहून परत तोक्योला यायला माणशी सुमारे १४,००० येन आणि जवळपास अर्धा दिवस जातो. मध्ये बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला विमान बदलणार असाल, तर दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा मोह टाळा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि बॅग मधेच उतरवून घ्यावी लागली तर त्या देशाच्या व्हिसाचाही प्रश्न येतो.

आता तारखा. सरासरी पाहिली तर तोक्योत पहिली फुलं २४ मार्चच्या सुमाराला उमलतात आणि ३१ मार्चच्या आसपास पूर्ण बहर येतो. क्योतो, ओसाकाचा पूर्ण बहर ४ एप्रिलच्या आसपास, कानाझावाचा त्यानंतर काही दिवसांनी. पण ही सरासरी आहे, पंचांगातली तिथी नव्हे. तोक्योत २०२१ आणि २०२३ साली १४ मार्चलाच फुलं आली, तर २०२४ साली २९ मार्च उजाडला. क्योतोत २०२१ साली २६ मार्चलाच पूर्ण बहर आला; बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. कळी आधी हिवाळ्याच्या थंडीने जागी होते आणि मग उबेने वाढते. तोक्योपुरता एक ढोबळ हिशेब सांगतात: १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जा, बेरीज ६०० अंशांच्या आसपास पोचली की फुलं. तिथली हवामान संस्था यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं दिसली की तोक्योचा बहर सुरू झाल्याचं जाहीर करते आणि ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. सगळीकडे दिसणारी सोमेई योशिनो ही जात कलमाने वाढवलेली आहे, सगळी झाडं अनुवंशाने एकच. म्हणून एका गावातली झाडं एकदम फुलतात आणि आठवड्याभरात एकदमच गळतात. मधे जोराचा पाऊस-वारा आला तर त्याहूनही लवकर.

म्हणून एका तारखेवर सगळं लावू नका. ३० मार्चला तोक्योत पोचा, ३ एप्रिलला कानाझावा, ५ ला क्योतो, ९ ला ओसाका आणि ११ ला परत. बहर वेळेवर आला तर तोक्यो आणि क्योतो दोन्ही साधतात. उशीर झाला तर कानाझावा नाही, पण क्योतोचे शेवटचे दिवस आणि ओसाका हाती लागतात. लवकर आटोपला तर क्योतोतल्या निन्ना-जी मंदिरातली ओमुरो जातीची ठेंगणी झाडं बघा, ती सगळ्यांच्या मागून फुलतात. नारा जिल्ह्यातल्या योशिनोच्या डोंगरावर बहर पायथ्याकडून माथ्याकडे चढत जातो, त्यामुळे खाली पाकळ्या गळत असताना वर फुलं असू शकतात. आणि गळण्यालाही जपानी लोक तितकंच मानतात: पाण्यावर तरंगणाऱ्या पाकळ्यांच्या थराला ते ‘हानाइकादा’, म्हणजे फुलांचा तराफा, म्हणतात. क्योतोतल्या ‘तत्त्वज्ञाच्या वाटे’शेजारच्या कालव्यात तो छान दिसतो. २९ एप्रिल ते ५ मेचा सुट्ट्यांचा आठवडा मात्र पूर्ण टाळा. अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

हॉटेलं पाच-सहा महिने आधी, रद्द करता येतील अशीच ठेवा आणि पहिलं बुकिंग क्योतोचं करा. मार्चअखेरीस जपानी शाळांनाही सुट्टी असते, तेव्हा क्योतो सगळ्यात आधी भरतं आणि सगळ्यात महाग होतं. क्योतो अगदीच परवडेना तर ओसाकात सहा रात्री राहा. गाडीने अर्ध्या तासाचं अंतर आहे. तोक्योत उएनो भाग सोयीचा: नारिता विमानतळाहून स्कायलायनर गाडी थेट येते, कानाझावाची शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) तिथूनच पकडता येते आणि उएनोची बाग फुलांसाठीच प्रसिद्ध आहे. खोलीचं क्षेत्रफळ वाचल्याशिवाय बुक करू नका. १२-१३ चौरस मीटरच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा एका वेळी उघडता येत नाहीत. ‘सेमी-डबल’ म्हणजे जेमतेम १२० सेंटिमीटर रुंदीचा पलंग. दोघांसाठी ‘ट्विन’, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली घ्या. आई-वडील किंवा मोठी मुलं बरोबर असतील तर खोलीत किती जण चालतात ते नीट तपासा. आपल्याकडच्यासारखी जास्तीची गादी टाकून मिळेल हे गृहीत धरू नका.

ही आखणी व्हिसासाठीही लागते. अर्जासोबत रोज कुठे, काय आणि कोणत्या हॉटेलात, असा तारीखवार तक्ता द्यावा लागतो. त्यातल्या तारखा, हॉटेलांची बुकिंगं आणि विमानाचा आराखडा एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. एक रात्र कुठल्याच हॉटेलच्या नावावर नाही, ही नेहमीची चूक. विमान मुंबईहून रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोचतं, तेव्हा मोजताना ती रात्र दोनदा धरली जाते किंवा सुटते. बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणि प्राप्तिकर विवरणपत्रं जोडताना व्हिसा केंद्राची ताजी यादी समोर ठेवा, जुनी पीडीएफ नको. एकदा प्रवेशाचा व्हिसा दिल्यापासून तीन महिने चालतो, म्हणून एप्रिलच्या सहलीसाठी डिसेंबरात अर्ज करून उपयोग नाही; जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ बरा. १ एप्रिल २०२४ पासून भारतातल्या पर्यटकांना ई-व्हिसा मिळू लागला. तो विमानतळावर फोनवर, इंटरनेट चालू असताना, थेट संकेतस्थळावरून दाखवायचा असतो. छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून ई-सिम उतरल्यावर नाही, घरातूनच घालून निघा.

गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज जेआर पासचा, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांत ठरलेले दिवस हवं तितकं फिरू देणाऱ्या पासचा: तो घेतला की प्रवास स्वस्तच पडतो, असं अनेकांना वाटतं. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनला मिळत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० झाला. आपल्या मार्गाचा हिशेब करू. तोक्यो ते कानाझावा साधारण १४,०००, कानाझावा ते क्योतो सुमारे ८,५००, ओसाका-हिरोशिमा जाऊन येऊन साधारण २१,०००. बेरीज ४३,५००. म्हणजे हिरोशिमा धरूनही पास परवडत नाही. पहिल्या दोन प्रवासांची सुटी तिकिटं काढा आणि हिरोशिमाला जाणार असाल तर ७ ते ११ एप्रिलसाठी जेआर वेस्टचा (पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीचा) पाच दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास घ्या. २०२३च्या दरवाढीनंतर तो १७,००० येनचा होता. घेण्याआधी चालू दर पाहा. हिरोशिमाच्या जाण्यायेण्यातच तो वसूल होतो. शिवाय हिमेजी, मियाजिमा बेटाची जेआरची फेरी आणि शेवटच्या दिवशीची विमानतळावरची हारुका गाडी त्यातच येते.

आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेसहाला. स्मार्ट-ईएक्स ॲप तोक्यो-ओसाका-हिरोशिमा या लाइनसाठी आहे. कानाझावाची गाडी त्यात सापडत नाही, म्हणून गोंधळून जाऊ नका. ती जेआर ईस्ट किंवा जेआर वेस्टच्या संकेतस्थळावर मिळते, नाहीतर उतरल्यावर स्टेशनच्या खिडकीवर. मार्च २०२४ पासून कानाझावाहून क्योतोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. शिन्कान्सेनमधून उतरून खालच्या मजल्यावर थंडरबर्ड ही एक्स्प्रेस गाडी पकडायची असते आणि मध्ये थोडीच मिनिटं मिळतात. मोठ्या बॅगा घेऊन ही धावपळ नको.

त्यासाठी ताक्क्यूबिन, म्हणजे सामान पुढे पाठवायची सेवा. तोक्योच्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्या, क्योतोच्या हॉटेलचा पत्ता आणि पोचण्याची तारीख ५ एप्रिल लिहा, आणि कानाझावाला फक्त पाठपिशवी घेऊन जा. बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन पडतात आणि ते सार्थकी लागतात. पासपोर्ट, औषधं आणि पैसे त्या बॅगेत कधीही टाकू नका. परदेशी पर्यटकाने पासपोर्ट अंगावर बाळगणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. घरी टेप घेऊन बॅग मोजा, चाकं आणि मूठ धरून. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर हिरोशिमाच्या बाजूच्या शिन्कान्सेनमध्ये सामानाच्या जागेसह मिळणारी खास सीट आधी आरक्षित करावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. क्योतोच्या शहर बसमध्ये मोठी बॅग घेऊन चढूच नका. बहराच्या दिवसांत त्या बसमध्ये माणसालाच जागा नसते. मेट्रो किंवा टॅक्सी घ्या.

शहरातल्या गाड्यांसाठी सुइका किंवा इकोका कार्ड लागतं. आपल्या अँड्रॉइड फोनवर ते चालत नाही, कारण जपानबाहेर विकलेल्या फोनमधून त्यासाठीची सोय बंद असते. म्हणून प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि स्टेशनच्या मशीनवर रोख पैसे भरा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधीच सुरू करा. भारतीय कार्डांवर तो मुळात बंद असतो. परदेशी कार्ड घेणारी एटीएम सेव्हन-इलेव्हन दुकानात दिवसरात्र चालतात.

औषधांबाबत निष्काळजीपणा अजिबात नको. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि कोडीन एक टक्क्याहून अधिक असलेली औषधं आधी परवानगी काढल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत. सर्दी-खोकल्याच्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचा. बाकीची नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, एक महिन्यापुरतीच ठेवा. परागकणांचा त्रास असलेल्यांनी ॲलर्जीची गोळी आणि मास्क विसरू नये. देवदार आणि सायप्रसचे परागकण नेमके याच काळात उडतात.

खाण्याच्या बॅगेत ताजी फळं-भाजी नको. हापूस, लिंबं, कढीपत्ता विमानतळावरच काढून घेतात. मांसाचे पदार्थही बंद. चिवडा, लाडू, मेतकूट, सुक्या चटण्या चालतात. शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या: मिसो सूप, उदोन (जाड शेवया), भाजी, सगळ्यात ‘दाशी’, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क असतो, आणि ती बहुतेक वेळा माशाची असते. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘मांस, मासे, माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा. कोपऱ्यावरच्या दुकानात शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, तिथेच गरम करूनही देतात. त्यावर मेतकूट घातलं की रात्रीची सोय झाली. तोक्योत निशी-कसाई भागात भारतीय वस्ती आहे, तिथे जेवण आणि किराणा दोन्ही मिळतं. घरचा छोटा विजेचा कुकर मात्र नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची, आपली उपकरणं २३० ची, म्हणजे शक्ती पाचव्या हिश्श्याच्याही खाली येते आणि तास गेला तरी भात शिजत नाही. फोनचा चार्जर चालतो, पण दोन चपट्या पिनांचा ॲडॅप्टर लागेल.

कपडे थरांचे घ्या. पहाटे सात-आठ अंश, दुपारी पंधरा ते अठरा, आणि कानाझावात पाऊस जवळपास धरूनच चाला. बूट पटकन काढता-घालता येणारे हवेत, कारण मंदिरात शिरताना ते पुन्हा पुन्हा उतरवावे लागतात.

दिवसाचा आराखडा सकाळपासून भरा. बरीच मंदिरं दुपारी चार-पाचला बंद होतात, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी. क्योतोतलं कियोमिझु-देरा सकाळी सहाला उघडतं आणि फुशिमी इनारी रात्रंदिवस खुलं असतं, म्हणून या दोन्ही जागा न्याहारीच्या आधी उरका. सकाळी एक भाग, दुपारी त्याच्याच शेजारचा दुसरा, आणि संध्याकाळ मोकळी, म्हणजे दिव्यांच्या उजेडातली फुलं बघायला वेळ उरतो. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. तोक्योतल्या शिंजुकु ग्योएन बागेत बहराच्या गर्दीच्या दिवशी आधी वेळ नोंदवावी लागू शकते. कानाझावाची केनरोकु-एन बाग मात्र बहराचा साधारण आठवडाभर विनामूल्य असते. प्रत्येक गावासाठी पावसाळी दुपारचा एक पर्याय तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा.

११ तारखेला विमानाच्या वेळेआधी तीन तास पोचायचं धरून त्याच्याही एक गाडी आधीची हारुका पकडा. कान्साई विमानतळ समुद्रातल्या कृत्रिम बेटावर आहे आणि जोराचा वारा सुटला की पुलावरच्या गाड्या थांबवतात. तशी वेळ आली तर ओसाकाहून विमानतळाची बस कुठून सुटते, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.