शॉट भारी आला, पण माणूस दिसतोय का? शॉर्ट फिल्मवाल्यांनो, या चुका टाळा

लो अँगल लावला (कॅमेरा खालून वर धरला) की माणूस पॉवरफुल, हाय अँगल लावला (वरून खाली धरला) की बिचारा, हे आपण सगळ्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलंय आणि पहिल्या शॉर्ट फिल्ममध्ये डोळे झाकून वापरलंय, मी पण. ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (१९४१) काढा. केन निवडणूक हरलाय, जुना दोस्त पिऊन आलाय आणि त्याला तोंडावर सुनावतोय, आणि तो सीन इतक्या खालून घेतलाय की कॅमेऱ्यासाठी सेटची जमीन खोदावी लागली. माणूस हरलाय आणि दिसतोय डोंगराएवढा! वर छत मात्र दिसतंय, अंगावर आल्यासारखं. म्हणजे अँगलचा अर्थ पाठ करून उपयोग नाही, त्या क्षणी त्या माणसाचं काय झालंय ते आधी बघा.

दुसरी चूक माझी स्वतःची. हिरॉईन एकटी आहे हे दाखवायचं होतं म्हणून मी तिला आरशासमोर बसवलं, वीस सेकंद. मित्राने बघितलं आणि विचारलं, ही कुठे लग्नाला निघालीये का? गप्प बसलो. वस्तू नुसती ठेवली की ती आपोआप सिम्बॉल होत नाही हो, आधी तिला घरात काहीतरी काम पाहिजे. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'त (१९६४) बघा. दुपारची वेळ, चारूला करमत नाहीये, दांडी धरून डोळ्यांना लावायची ती छोटी दुर्बीण घेऊन ती या खिडकीतून त्या खिडकीत पळत रस्त्यावरची माणसं बघतीये. इथपर्यंत दुर्बीण म्हणजे निव्वळ टाइमपास. मग नवरा येतो, पुस्तकात डोकं, तिच्या शेजारून निघून जातो आणि त्याला ती दिसतसुद्धा नाही. ती तीच दुर्बीण उचलते आणि पाठमोऱ्या नवऱ्याला बघते, रस्त्यावरच्या माणसाला बघावं तसं. संसार कसा चाललाय ते कळलं, आणि कोणी एक शब्द बोललेलं नाही.

तिसरी, जे दिसतंय तेच पुन्हा बोलून दाखवणं. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'त (१९५४) सुरुवातीलाच कॅमेरा झोपलेल्या हिरोवरून फिरतो: प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा, भिंतीवर रेसच्या गाडीच्या अपघाताचा फोटो. फोटोग्राफर आहे, जिवाची पर्वा नाही, पाय कसा मोडला, सगळं आलं. नंतर फोनवर थोडं बोलणं होतं, पण तोवर आपल्याला कळलेलं असतं. आपण काय करतो, पहिल्याच सीनला बहिणीकडून वदवून घेतो, "दादा, तुला ती फोटोग्राफी नडली!"

बॅकग्राउंड म्युझिक ओतण्याबद्दल जास्त बोलत नाही, शांतारामबापूंनी 'कुंकू' (१९३७) पार्श्वसंगीताशिवाय केला होता, एवढंच सांगतो.

एडिट अडकला की मी आता आवाज म्यूट करतो आणि स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला फिल्म दाखवतो. "छान आहे" वगैरे नको असतं, काय झालं ते सांग म्हणायचं. तो जिथे गोंधळेल तिथे अँगल बदलत बसू नका, तिथे ती व्यक्ती नेमकं काय करतीये ते बदला. मी आरसा काढला आणि तिला चहा करायला लावला. दोन कप भरते, दाराकडे बघते, एक कप परत पातेल्यात ओतते. तोच मित्र बघून म्हणाला, कोण येणार होतं? मग म्हणाला चहा फारच पांचट दिसतोय, पण ते जाऊ दे.